ड्रॅगन फ्रूट : खरे गुण व वाढविलेली कीर्ती

कोणतेही नवे फळ बाजारात आले म्हणजे त्याच्यामागून त्याची कीर्तीही येते, व पुष्कळदा ती फळाच्या पुढे धावू लागते. ड्रॅगन फ्रूट या फळाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत नेमके असेच घडले आहे. बाजारात व हमरस्त्याच्या कडेच्या हातगाड्यांवर हे गुलाबी, खवलेदार फळ आता आपल्याकडेही दिसू लागले आहे. विक्रेत्यास त्याचे गुण विचारावेत, तर तो मधुमेह, रक्तक्षय, डेंग्यू व हृदयविकार येथपासून कर्करोगापर्यंतची यादी एका दमात म्हणून दाखवितो. भ्रमणध्वनीवर घरोघर येणाऱ्या मजकुरातही हीच यादी असते. फरक एवढाच की, तेथे ती आणखी लांब असते.

आपल्यापैकी कित्येकांनी ही यादी वाचून फळ खाण्यास सुरुवात केली आहे, आणि कित्येकांनी तीच वाचून शेतात खांब रोवले आहेत. तेव्हा यादीतील खरे किती व पदरचे किती, हे पाहणे दोघांनाही अगत्याचे आहे. खाणाऱ्याची प्रकृती व पिकविणाऱ्याचा पैसा असे दोन्ही त्यात गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. कोणी काही सांगितले म्हणून नोंद करू नये. कागद पाहावा, जागेवर जाऊन पाहणी करावी व मग काय ते लिहावे, एवढे त्या नोकरीने शिकविले. तीच रीत येथे या फळास लावून पाहिली आहे.

फळाचे कूळ व मूळ

हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतले. तेथून ते फिरत फिरत आशियात आले. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ते व्हिएतनामात नेले व पुढे त्या देशाने त्याची मोठी लागवड करून जगाच्या बाजारात नाव मिळविले. आपल्या देशात त्याचा प्रसार मुख्यत्वे गेल्या दहा-पंधरा वर्षांतला आहे. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याचे ‘कमलम्’ असे नामकरण केले. त्याच वर्षी जून महिन्यात सांगली जिल्ह्यातील तडसर गावच्या शेतकऱ्यांचे फळ दुबईस रवाना झाले, तेव्हा महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांचे लक्ष या पिकाकडे वेधले गेले.

झाडाचे कूळ मात्र आपल्या अगदी ओळखीचे आहे. हा एक वेलासारखा चढणारा निवडुंग होय. आपल्या बांधावरचा व माळावरचा फड्या निवडुंग याच कुळातला. त्याची काटेरी लाल बोंडे ज्यांनी लहानपणी दगडावर घासून खाल्ली असतील व जीभ लाल करून घेतली असेल, त्यांनी या पाहुण्याच्या एका भावंडाची चव पूर्वीच घेतली आहे. फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आलेला. पण आपण त्यास कुंपणावर ठेवले, आणि याला सिमेंटचा खांब व वर चाक देऊन मानाने चढविले.

अवर्षणप्रवण मुलखात हे झाड तग धरते, याचे कारणही त्याच्या कुळात आहे. सामान्य झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात, व त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. निवडुंगाची छिद्रे दिवसा मिटलेली असतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे थोड्या पाण्यावर त्याचे भागते. फूलही रात्रीच उमलते व सकाळी उन्हे चढण्यापूर्वी कोमेजते. फूल उमलल्यापासून साधारणपणे महिना-सव्वा महिन्यात फळ तोडणीस येते. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्थेने उथळ, मुरमाड व खडकाळ जमिनीवर याचे प्रयोग केले आहेत. आपल्या बालाघाटाच्या माथ्यावरील हलक्या जमिनींच्या मालकांनी ते पाहण्यासारखे आहेत. तथापि लागवड हा आजचा विषय नाही. आजचा विषय फळाच्या पोटात काय आहे, हा आहे.

फळात काय आहे

फळाच्या गरात पाचांतील चार हिस्से पाणीच असते. शंभर ग्रॅम गरापासून सुमारे साठ उष्मांक मिळतात. साखर साधारणपणे आठ ते दहा ग्रॅम, तंतुमय पदार्थ, म्हणजे ज्यास आपण चोथा म्हणतो तो, सुमारे तीन ग्रॅम. मेद व प्रथिने नाममात्र. क जीवनसत्त्वाचे प्रमाण निरनिराळ्या मोजण्यांत निरनिराळे आढळले आहे. चार-पाच मिलिग्रॅमपासून वीस मिलिग्रॅमपर्यंत ते धरता येईल. पोटॅशियम, मॅग्नेशियम वगैरे क्षार थोडेथोडे आहेत.

या कोरड्या आकड्यांतून फळाचे खरे गुण स्पष्ट होतात. पहिला गुण पोटाचा. गरातील चोथा व त्यात विखुरलेले काळे बी यांच्या योगे शौचास साफ होते. ज्यांना मलावरोधाचा त्रास आहे, त्यांना या फळाचा अनुभव बहुधा चांगलाच येतो. गरातील काही शर्करा आतड्यात पचत नाहीत. तेथील उपकारक जंतूंना त्या खाद्य म्हणून उपयोगी पडतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दुसरा गुण पाण्याचा. उन्हातून आलेल्या माणसास थंड, रसाळ व फारसे गोड नसलेले फळ मिळाले, तर त्याची तहान शमते व पोटही जड होत नाही. तिसरा गुण असा की, ते मिठाई, शेव, फरसाण किंवा बाटलीतल्या गोड पाण्याची जागा घेऊ शकते. संध्याकाळी मुलाच्या हातात पाच-दहा रुपयांची पुडी पडण्याऐवजी फळाच्या दोन फोडी पडल्या, तर तो नफा कोणत्याही जीवनसत्त्वाच्या हिशेबाहून मोठा आहे.

तांबड्या गराच्या जातीत एक विशेष आहे. तिचा रंग बीटमधील रंगद्रव्याच्याच जातीचा असून त्यास बीटालेन म्हणतात. शरीरातील पेशींची झीज करणाऱ्या काही द्रव्यांना तो आवर घालतो, असे नळीतल्या प्रयोगांत आढळते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. येथे एवढेच सांगावयाचे की, तांबडा गर भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच तांबूस होऊ शकते. पुष्कळ माणसे ते रक्त समजून घाबरतात. रंग फळाचा असेल तर फळ बंद केल्यावर एक-दोन दिवसांत तो जातो. न गेल्यास मात्र डॉक्टरास दाखवावे. फळावर हवाला ठेवून स्वस्थ बसू नये.

घरच्या फळांशी तुलना

गुणांची पाहणी तुलनेवाचून पुरी होत नाही. जमिनीची प्रतही शेजारच्या जमिनीशी ताडूनच ठरते. म्हणून आपल्या तालुक्यात सहज मिळणारी तीन फळे शेजारी ठेवून पाहू. सर्व आकडे शंभर ग्रॅम गराचे व स्थूलमानाचे आहेत.

पेरू : उष्मांक ६८, चोथा ५ ग्रॅमहून अधिक, क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून अधिक.
सीताफळ : उष्मांक ९५, चोथा ४ ग्रॅमहून अधिक, क जीवनसत्त्व ३५ मिलिग्रॅम.
पपई : उष्मांक ४३, चोथा २ ग्रॅमहून थोडा कमी, क जीवनसत्त्व ६० मिलिग्रॅम.
ड्रॅगन फ्रूट : उष्मांक ६०, चोथा ३ ग्रॅम, क जीवनसत्त्व ५ ते २० मिलिग्रॅम.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे प्रौढ पुरुषास दिवसास ८० मिलिग्रॅम व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. म्हणजे परसातल्या पेरूच्या अर्ध्या फळात जे काम होते, त्यासाठी ड्रॅगन फ्रूटचे टोपलीभर नाही तरी एकाहून अधिक नग खावे लागतील. चोथ्यातही पेरू व सीताफळ पुढेच आहेत. हे वाचून ड्रॅगन फ्रूट टाकाऊ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ते एक चांगले, मध्यम प्रतीचे फळ आहे. त्याचा भाव मात्र अव्वल प्रतीचा आहे, आणि तो गुणामुळे नसून नवलाईमुळे व लागवडीच्या खर्चामुळे आहे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. पेरू, पपई व सीताफळ ही तीनही फळे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते मूळची अमेरिका खंडातलीच. बालाघाटाच्या डोंगरउतारावर सीताफळ आज इतके रुजले आहे की, ते परके होते असे सांगितले तर ऐकणारा हसेल. शेजारच्या बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, व अंबाजोगाईस त्याच्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. आई तुळजाभवानीच्या नवरात्रात आपण उपवासास जे बटाटे, शेंगदाणे व साबुदाणा खातो, त्यांचीही वंशावळ काढली तर ती त्याच खंडात पोहोचते. तेव्हा परदेशी म्हणून एखादे फळ वर्ज्य नाही, आणि परदेशी म्हणून ते श्रेष्ठही नाही. शंभर-दोनशे वर्षांनी ड्रॅगन फ्रूटही कदाचित आपले म्हणून नांदेल. तोवर त्यास त्याच्या योग्यतेप्रमाणे पाट द्यावा; देव्हाऱ्यात बसवू नये.

मधुमेह

आता यादीतल्या मोठ्या कलमांकडे वळू. हे फळ मधुमेह बरा करते, हा दावा सर्वांत अधिक ऐकू येतो, व तोच सर्वांत घातक आहे.

याविषयी माणसांवर झालेले प्रयोग मोजके आहेत. अशा चार प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची साखर वाढू लागली आहे पण मधुमेह अद्याप जडलेला नाही, अशा लोकांत उपाशीपोटीची साखर काहीशी उतरलेली दिसली. ज्यांना मधुमेह जडलेला आहे, त्यांच्यात मात्र ठरवून सांगण्यासारखा फरक आढळला नाही. सारांश, ज्यांच्यासाठी हे फळ औषध म्हणून विकले जाते, त्यांच्याच बाबतीत त्याचा औषधी उपयोग सिद्ध झालेला नाही.

मधुमेही माणसाने ते खाऊच नये काय? खावे, परंतु फळ म्हणून खावे. मध्यम आकाराच्या फळाचा अर्धा भाग, जेवणावर जेवण असे न करता मधल्या वेळी, चावून खावा. रस काढून, त्यात साखर किंवा मध घालून पिऊ नये. रस गाळला की चोथा मागे राहतो व साखर तेवढी पोटात जाते. आणि सर्वांत मुख्य गोष्ट, गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते एक दिवसही डॉक्टरास विचारल्यावाचून बंद करू नये.

हे शेवटचे वाक्य लिहिण्यास कारण आहे. लेखकाच्या माहितीतील एका वयस्क गृहस्थांनी, ‘फळ चालू आहे, आता गोळीची गरज काय?’ असे म्हणून गोळ्या सोडल्या. दोन-अडीच महिन्यांनी शेतात चालताना पायास काटा लागला. काटा निघाला, पण जखम भरेना. तालुक्यास नेऊन रक्त तपासले तेव्हा साखर बेसुमार वाढलेली निघाली. पुढे गोळ्या व इन्सुलिन यांनी पाय वाचला, परंतु एक बोट गेले. त्यांना फळाने अपाय केला नाही. फळावरील आंधळ्या विश्वासाने केला. अशी माणसे गावोगाव असतील. ज्या घरात मधुमेही मनुष्य आहे, त्या घरातील जाणत्याने गोळ्यांची पाकिटे अधूनमधून स्वतः पाहावीत.

रक्तक्षय, डेंग्यू व कर्करोग

रक्त वाढते, हा दुसरा दावा. गराचा रंग रक्तासारखा आहे, एवढाच त्याचा आधार दिसतो. रक्तास लागते ते लोह, व ते या फळात अत्यल्प आहे. आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५४, रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शेकडा ६९ च्या घरात निघाले. अशा स्थितीत महागडे तांबडे फळ आणून समाधान मानणे म्हणजे रोग तसाच ठेवून दाम खर्चणे होय.

त्याहून सोपा व स्वस्त उपाय घरात आहे. बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, तांदुळजा, शेपू व मेथी यांत लोह असते. पण धान्य-भाजीतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. म्हणून भाकरीबरोबर पेरूची फोड, आवळ्याचा तुकडा किंवा लिंबाची पिळणी असावी. जेवल्याबरोबर चहा घेण्याची चाल सोडावी, कारण चहा लोहाच्या शोषणास आड येतो. रक्त फारच कमी असेल तर सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्यांस फळ हा पर्याय नव्हे.

डेंग्यूची साथ आली की या फळाचा भाव एकाएकी चढतो. रक्तातील पेशिका त्याने वाढतात, असे सांगतात. त्यास भरवसा ठेवण्याजोगे प्रमाण नाही. डेंग्यूच्या रोग्यास भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी, व पोटात तीव्र दुखणे, सारख्या ओकाऱ्या, रक्तस्राव किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ इस्पितळात न्यावे. फळ द्यावयास हरकत नाही. फळ देऊन वाट पाहत बसण्यास मात्र मोठी हरकत आहे.

कर्करोगाविषयी पसरलेल्या मजकुराचे मूळ वर सांगितलेल्या तांबड्या रंगद्रव्यात आहे. नळीतल्या पेशींवर अर्क टाकला असता त्यांची वाढ मंदावली, असे प्रयोग झाले आहेत. परंतु नळीतला प्रयोग व माणसाचे शरीर यांत फार अंतर आहे. कुंडीत आलेल्या एका कणसावरून कोणी शिवाराचा उतारा काढीत नाही. तद्वत् येथेही समजावे. भाज्या व फळे नित्य खाणाऱ्यांची प्रकृती एकंदरीत चांगली राहते, हे मात्र खरे आहे, व ते सर्वच फळांना लागू आहे.

किती व कसे खावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम फळे व ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू, पपईची एक मोठी फोड, किंवा ड्रॅगन फ्रूटचे साधारण अर्धे फळ. ते फळ कोणते, यापेक्षा ते रोज पोटात जाते की नाही, हे महत्त्वाचे आहे. ऋतूप्रमाणे बदलून खावे. ड्रॅगन फ्रूटचा हंगाम साधारणपणे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, सीताफळ नवरात्र-दिवाळीस येते, पेरू थंडीत येतो. अशा रीतीने वर्षाचा पुष्कळसा भाग सहज निभतो.

ड्रॅगन फ्रूट खाण्यापूर्वी साल धुवून घ्यावी, फळ उभे कापावे व गर चमच्याने काढून घ्यावा. साल खाऊ नये. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी हेच काय, कोणतेही फळ डॉक्टरास विचारून खावे. प्रथमच खाणाऱ्याने थोडे खाऊन पाहावे; क्वचित एखाद्यास अंगावर पित्त उठते.

पिकविणाऱ्यास दोन शब्द

आपले सभासद जसे खाणारे आहेत, तसेच पिकविणारेही आहेत. खांब, चाक, रोपे व ठिबक यांत जो पैसा एकदा घातला तो वीस वर्षांच्या आशेने घातलेला असतो. त्या आशेचा पाया जर ‘हे औषध आहे’ या समजुतीवर असेल, तर तो कच्चा समजावा. समजूत आज आहे, उद्या नाही. एखाद्या वर्षी दुसऱ्याच फळाची बातमी पसरते व गिऱ्हाईक तिकडे वळते. लागवड जसजशी वाढेल, तसतसा नवलाईचा भावही उतरणारच. याउलट गोडी, ताजेपणा, योग्य वेळी तोडणी व माल खात्रीचा असणे, यांवर जे गिऱ्हाईक बांधले जाते ते टिकते. म्हणून लागवडीचा हिशेब करताना चढ्या भावाने न करता साध्या फळाच्या भावाने करून पाहावा. तसाही तो जुळत असेल तरच खांब रोवावा.

पेटीवर किंवा फलकावर रोग बरे होतात असे लिहून माल विकू नये, हे नीतीच्या दृष्टीने तर खरेच. पण कायद्याच्याही दृष्टीने ध्यानात ठेवावे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याअन्वये खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात करणे हा अपराध असून त्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. चांगल्या फळास खोट्या शिफारसपत्राची गरज नसते.

शेवटी एक गोष्ट. पीकपाहणीच्या निमित्ताने अनेक बागांतून फिरताना असे दिसे की, उत्तम माल पेट्यांत भरून शहरास जातो, मध्यम माल गावच्या बाजारात जातो, आणि मालकाच्या घरी मुले चहात बिस्किट बुडवून खात असतात. फळाचे आरोग्यदायी गुण वाचून परगावची माणसे ते विकत घेतात. ज्याच्या रानात ते पिकते त्याच्या पानात मात्र ते नसते. ड्रॅगन फ्रूट लावा अथवा लावू नका. परंतु विहिरीजवळ पेरूची दोन झाडे, मोरीच्या पाण्यावर पपईची दोन झाडे व बांधावर सीताफळाची चार झाडे एवढी घरासाठी अवश्य राखावीत, व त्यांचे फळ बाजारात जाऊ देऊ नये. नव्या फळाची पेटी भरतानाही दोन फळे घरच्या टोपलीत आधी टाकावीत. शेतकऱ्याच्या घरातील मुलाबाळांस व स्त्रियांस रोज एक फळ मिळू लागले, तर या सगळ्या चर्चेचे सार्थक झाले असे होईल. इत्यलम्.